जुन्या व्हिडिओ गेमचे भाव कुणी चढवले?

दिवाळीची आवराआवर निघाली की इंदूरच्या जुन्या मराठी घरांत माळ्यावरून एखादा खोका खाली येतो. पिवळट पडलेलं ‘टर्मिनेटर’ नावाचं गेमचं यंत्र, गुंता झालेल्या वायरी, दोन जॉयस्टिक, बदकं मारायची बंदूक आणि मूठभर कॅसेट. पूर्वी हा सगळा ऐवज रद्दीबरोबर कबाडीवाल्याच्या तराजूत जाई. आता आधी मोबाइल निघतो. कॉलेजातला भाचा सांगतो, ‘मामा, थांबा, देऊन नका टाकू. मारिओची कॅसेट अमेरिकेत साडेअकरा कोटींना गेलीये.’ बातमी खरी आहे, पण तिचा या खोक्याशी काडीचाही संबंध नाही. तरी संध्याकाळपर्यंत खोक्याचे फोटो ओएलएक्सवर चढतात, वर ‘दुर्मिळ’ असं लिहून, आणि किंमत अशी की मामांनी तेव्हा ते यंत्र घेताना तिचा विचारही केला नसता. गिऱ्हाईक येत नाही. जाहिरात मात्र तिथेच राहते, आणि पुढच्या महिन्यात माळा आवरणारा दुसरा कुणी तीच पाहून आपला भाव ठरवतो.

या भावांचा उगम पाहायचा तर अमेरिकेतल्या १९८३ सालापासून सुरुवात करावी लागते. त्या वर्षी तिथला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. दुकानांत माल पडून राहिला आणि अटारी कंपनीने सप्टेंबरमध्ये न विकलेल्या कॅसेटचे ट्रकच्या ट्रक न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्दो गावाच्या कचरा डेपोत पुरून टाकले. २०१४च्या एप्रिलमध्ये तो खड्डा उकरला गेला. सुमारे तेराशे कॅसेट वर आल्या आणि त्यातल्या बऱ्याच गावाच्या नगरपालिकेने ऑनलाइन लिलावात विकल्या. एक लाख डॉलरच्या वर रक्कम जमा झाली. ‘ई.टी.’ची एक चेपलेली प्रत दीड हजार डॉलरला गेली. तोच गेम चांगल्या अवस्थेत त्या काळी चिल्लर पैशांत मिळत होता. पण डेपोतून आलेल्या प्रतीबरोबर नगरपालिकेचं प्रमाणपत्र होतं. कॅसेटपेक्षा कागद महाग होण्याचा हा नमुना लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

ज्या जुलै महिन्यात अमेरिकेत मंदी चालू होती, त्याच १९८३च्या जुलैत जपानमध्ये निन्टेन्डोने फॅमिकॉम हा टीव्हीला जोडून गेम खेळायचा संच आणला. १९८५मध्ये तो एनईएस या नावाने न्यूयॉर्कच्या दुकानांत पोहोचला. दोन्ही नावांनी मिळून ६ कोटी १९ लाख यंत्रं विकली गेली. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या प्रती ४ कोटींच्या वर गेल्या. इतकी खपलेली वस्तू दुर्मिळ कशी? ती दुर्मिळ नाहीच. दुर्मिळ आहे ती न फोडलेली. मुलांनी खोकी फाडली, पुठ्ठे फेकले, कॅसेटच्या पाठीवर बॉलपेनने नावं लिहिली. एखाद्या दुकानाच्या गोदामात किंवा न दिलेल्या भेटवस्तूंच्या कपाटात जी प्रत तशीच राहून गेली, तिची कथा वेगळी. त्यातही सुरुवातीच्या छपाईची खोकी प्लॅस्टिकच्या वेष्टनाऐवजी छोट्या गोल स्टिकरने बंद केलेली असत. त्या स्टिकरवाल्या प्रती हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच उरल्या आहेत.

१९९५च्या सप्टेंबरात ईबे ही ऑनलाइन लिलावाची साइट सुरू होईपर्यंत जुन्या गेमला ‘बाजारभाव’ असा नव्हताच. ज्या गावात जे गिऱ्हाईक, तो भाव. ईबेने सगळी गिऱ्हाइकं एका खोलीत आणून बसवली. एका माणसाच्या हौसेवर सौदा होत असे तिथे बोली लागायला लागली. २०१०मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका बाईंनी घरातलं जुनं यंत्र आणि काही गेम ईबेवर टाकले. त्यात ‘स्टेडियम इव्हेंट्स’ नावाचा १९८७चा गेम खोक्यासकट होता. बान्दाई या कंपनीने काढलेला हा गेम निन्टेन्डोने हक्क विकत घेऊन बाजारातून मागे घेतला होता आणि दुसऱ्या नावाने पुन्हा आणला होता. त्यामुळे मूळ नावाच्या दोनेकशेच प्रती लोकांपर्यंत गेल्या असाव्यात, असा संग्राहकांचा अंदाज. बाईंना याची कल्पना नव्हती. लिलाव १३,१०५ डॉलरवर थांबला. बातमी छापून आली, आणि त्याच महिन्यात एक सीलबंद प्रत ४१,३०० डॉलरला गेली. अमेरिकेतल्या लोकांनी तेव्हापासून आपापली कपाटं उपसायला सुरुवात केली.

इथवर जे झालं त्यात गैर असं काही नाही. माल थोडा, मागणारे जास्त, भाव वर. पुढचा भाग वेगळा आहे, आणि तो नाण्यांच्या धंद्यातून आला.

इंदूरच्या सराफ्यात जुन्या सूर्यमुखी होळकरी रुपयाची पारख आजही हातात घेऊन होते. वजन, आवाज, कड, ठशाची उठावदार रेघ. पारखी बदलला की मत बदलतं, म्हणून घासाघीस होते. अमेरिकेत १९८६ला पीसीजीएस या संस्थेने ही घासाघीस संपवायचा उपाय काढला. नाणं तज्ज्ञांनी तपासायचं, त्याला सत्तरपैकी गुण द्यायचे आणि ते पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करायचं. अशा डबीला धंद्यात ‘स्लॅब’ म्हणतात. विकत घेणाऱ्याला नाण्यातलं काही कळण्याची गरज उरली नाही, आकडा वाचता आला की पुरे. मग ज्याला नाणं आवडत नाही तोही नाण्यांत पैसे गुंतवू लागला. २०००च्या सुमारास हीच पद्धत कॉमिक्समध्ये आली, २००८मध्ये व्हीजीए या संस्थेने ती व्हिडिओ गेमसाठी सुरू केली आणि २०१८मध्ये वाटा गेम्स ही कोलोरॅडोतली कंपनी बाजारात उतरली. वाटा खोक्याला दहापैकी गुण देते आणि सीलला वेगळी अक्षरी श्रेणी देते, सगळ्यात वरची ए प्लस प्लस.

गुण मिळाले की लिलाव आले. नाण्यांच्या आणि कॉमिक्सच्या लिलावात नाव कमावलेल्या हेरिटेज ऑक्शन्सने गेमचा विभाग उघडला. २०१९च्या फेब्रुवारीत स्टिकरवाला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १,००,१५० डॉलरला विकला गेला, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सत्तर लाखांच्या आसपास. घेणारे तिघं होते, आणि त्यांतले एक स्वतः हेरिटेजचे सहसंस्थापक, दुसरे नाण्यांचे व्यापारी. ही गोष्ट लपवलेली नव्हती, प्रसिद्धीपत्रकातच होती. मला तरी या सगळ्या प्रकरणात हाच तपशील सगळ्यात बोलका वाटतो. लिलाव करणाऱ्या घराचा माणूसच पहिली विक्रमी खरेदी करतो आणि त्या खरेदीची बातमी पुढच्या लिलावांची जाहिरात होते.

मग टाळेबंदी आली. लोक घरात, वेळ मोकळा, अमेरिकेत सरकारी मदतीचे चेक हातात. २०२०च्या जुलैत मारिओ १,१४,००० डॉलर, नोव्हेंबरात ‘मारिओ ३’ १,५६,०००. २०२१च्या एप्रिलमध्ये पहिल्या मारिओची एक प्रत ६,६०,०००, म्हणजे पाच कोटींच्या जवळ. ९ जुलैला ‘झेल्डा’ ८,७०,००० आणि दोनच दिवसांनी ‘सुपर मारिओ ६४’ पंधरा लाख साठ हजार डॉलर. भाच्याने सांगितलेले साडेअकरा कोटी ते हेच. १९९६चा हा गेम जगभर १ कोटीहून जास्त खपलेला, सुटी कॅसेट काही हजार रुपयांत मिळणारी. कोटी मोजले गेले ते ९.८ गुणांना आणि ए प्लस प्लस सीलला. ऑगस्टमध्ये रॅली नावाच्या मंचावर मारिओची आणखी एक प्रत २० लाख डॉलरला गेली. रॅलीने ती वर्षभरापूर्वी १,४०,००० डॉलरला घेऊन तिचे शेअर लोकांना विकले होते. म्हणजे गेमचा मालक असलेल्या माणसाने तो कधी हातातही धरला नव्हता.

त्याच ऑगस्टात एका ऑस्ट्रेलियन यूट्यूबरने वाटा आणि हेरिटेज यांच्यातल्या संबंधांवर लांबलचक व्हिडिओ काढला आणि भाव कृत्रिमरीत्या फुगवल्याचा आरोप केला. दोन्ही कंपन्यांनी तो फेटाळला. २०२२च्या मे महिन्यात वाटाविरुद्ध अमेरिकेत ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावा दाखल झाला. दरम्यान कलेक्टर्स युनिव्हर्सने, म्हणजे पीसीजीएसच्याच पालक कंपनीने, वाटा विकत घेतली होती. आरोप खरे की खोटे यावर इथे निवाडा करायचा नाही, पण एक गोष्ट साधी आहे. २०२१च्या उन्हाळ्यातले ते आकडे पुढे टिकले नाहीत. सीलबंद गेमचे भाव उतरले. वर्तमानपत्रांनी चढ पहिल्या पानावर छापला होता, उतार कुठे छापलेला फारसा दिसला नाही. म्हणून भाच्यापर्यंत फक्त चढच पोहोचला.

खेळण्यासाठी गेम घेणाऱ्यांना या सगळ्याची झळ वेगळ्या तऱ्हेने बसली. टाळेबंदीत सुट्या, वापरलेल्या कॅसेटचे भावही वर गेले. भाव वर गेला की नक्कल येतेच. पोकेमॉनच्या जुन्या गेमबॉय कॅसेटच्या इतक्या नकला फिरतात की अनुभवी माणूस आधी उघडून पाहतो. ३.८ मिलिमीटरचा खास पेचकस लागतो. आत सर्किटवर निन्टेन्डोचं नाव छापलेलं असलं आणि चिप नीट पायांच्या असल्या तर ठीक, काळा डांबरासारखा गोळा दिसला तर नक्कल. खरी गंमत अशी की नुसतं खेळायचंच असेल तर नव्वदच्या दशकापासून एनईएसचे गेम संगणकावर एम्युलेटरने, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने, चालतात. अधिकृत मार्ग मात्र आकसत गेले आहेत. निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या यंत्रांचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ला बंद केलं. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या पाहणीत अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आता कुठेही नव्याने विकत मिळत नाहीत असं आढळलं. जे नव्याने विकत मिळत नाही त्याच्या जुन्या प्रतीला भाव येणारच, तिथे स्लॅबचीही गरज नाही.

आता आपला खोका. भारतात निन्टेन्डोचं यंत्र सामुराई या नावाने आलं होतं, पण आपल्या बालपणावर राज्य केलं ते नकलांनी. परदेशी माल आणण्यावर बंधनं होती, आयातकर जबर. १९९५मध्ये सेगाचं मेगा ड्राइव्ह हे गेमचं यंत्र आणायला शॉ वॉलेस ही कंपनी पुढे आली, तेव्हा ८० टक्के आयातकराला वळसा घालूनही त्याची किंमत १८,००० रुपये होती. सरकारी नोकरीतल्या माणसाचे कित्येक महिन्यांचे पगार. त्या मानाने लिटल मास्टर, टर्मिनेटर ही यंत्रं आवाक्यातली. तैवान-चीनकडच्या चिप, आत फॅमिकॉमचीच रचना, बाहेर कुणाचंही नाव. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ आणि आत तेच आठ-दहा गेम, मारिओ तिसऱ्या पातळीवरून सुरू होणारा. इंदूरला जेल रोड नि महाराणी रोडच्या दुकानांत हा माल काचेच्या कपाटात मांडलेला असे, आणि ज्यांच्या घरी यंत्र नाही ते पार्लरमध्ये तासाच्या हिशेबाने खेळत.

म्हणजे आपल्या आठवणीतली ‘ओरिजिनल’ कॅसेट मुळातच नक्कल आहे. ती ६० पिनांची, अमेरिकेतला एनईएस ७२ पिनांचा. तिथल्या यंत्रात ती घातली तरी बसणार नाही. अमेरिकन भावांच्या यादीत तिच्यासाठी रकानाच नाही. तरी आपल्याकडचा विकणारा भाव लावतो तो तिथली यादी पाहून, तोही बहुतेकदा चुकीचा रकाना पाहून. ईबेवर मागितलेला भाव एक असतो आणि झालेला सौदा दुसरा. झालेले सौदे वेगळे गाळून पाहता येतात, प्राइसचार्टिंगसारखी संकेतस्थळं २००७पासून तेच करत आली आहेत. पण ईबेची भारतातली साइट २०१८च्या ऑगस्टात बंद पडली. त्यानंतर हा व्यवहार ओएलएक्स, फेसबुक आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपांत गेला. तिथे दिसतो तो फक्त मागितलेला भाव. सौदा कितीत झाला हे दोघांनाच ठाऊक, आणि झालाच नाही तर ते कुणालाच दिसत नाही. आपल्याकडच्या भावांच्या फुगवट्याचं कारण मला यातच दिसतं, हेरिटेज आणि वाटा फार दूर राहिले.

बाहेरून मागवणाऱ्यांची अडचण आणखी निराळी. भेट म्हणून आलेल्या ५,००० रुपयांपर्यंतच्या पार्सलला जकातीतून मिळणारी सूट २०१९च्या डिसेंबरात गेली. व्यक्तिगत वापराच्या आयात वस्तूंवर काही वर्षं जीएसटी धरून ७७ टक्क्यांपर्यंत कर पडत होता. चाळीस डॉलरची खरी कॅसेट टपालखर्च आणि जकातीसकट दारात येईपर्यंत तिप्पट झाली, तर इथला विकणाराही तिप्पट मागणार. त्याला लुटारू म्हणता येत नाही.

गंभीरपणे जमवणारी मंडळी इंदूरमध्येही आहेत, थोडी पण आहेत. त्यांची नजर टर्मिनेटरकडून हळूहळू दुसरीकडे वळते आहे: सामुराईचं नाव असलेलं यंत्र खोक्यासकट, शॉ वॉलेसच्या काळातलं सेगा, आणि सोनीने २००९मध्ये प्लेस्टेशन २साठी भारतात काढलेले ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि ‘देसी अड्डा’. हे गेम अमेरिकेतल्या मुलांनी खेळलेले नाहीत, त्यामुळे तिथल्या बाजाराला त्यांचा भाव ठरवता येत नाही. माझ्या माहितीत तरी त्यांना अजून कुणी गुण दिलेले नाहीत. ‘हनुमान’ची डिस्क एखाद्या जुन्या सीडीच्या दुकानात स्टिकरवरच्या मूळ किमतीला पडलेली असू शकते आणि फेसबुकवर तिचेच दहापट मागितलेले असू शकतात. विचारलं तर दोन्ही दुकानदार भाव बरोबरच आहे असं सांगतील.