सोलापूरच्या धुळीची आणि धुराची पार्श्वभूमी

२०१९ मध्ये केंद्राचा शुद्ध हवेचा कार्यक्रम सुरू झाला आणि मानक ओलांडणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूर आलं, ते धुळीमुळे. दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची, म्हणजे पीएम १० ची, वार्षिक सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी, हे मानक २००९ चं. ते पाळणं इथे मुळातच अवघड, कारण इथली बरीचशी धूळ हवामानानेच दिलेली आहे.

हा पर्जन्यछायेतला रब्बीचा मुलूख. जून-जुलैत वारं जोराचं, पाऊस बेताचा. नांगरून तापवत ठेवलेली काळी जमीन उघडी असते. मे महिन्यात पारा ४३ च्या वर गेला की वावटळी उठतात, वळीव झाला तर माती तेवढ्यापुरती बसते. खरा पाऊस उत्तरा-हस्त नक्षत्रांचा, सप्टेंबरच्या सुमाराचा, आणि ज्वारी त्या ओलीवर. १८७१ चा एकरुख तलाव, १८७६ चा दुष्काळ, १९३३ पासूनचं कोरडवाहू शेतीचं संशोधन, १९७२ ची दुष्काळी कामं, सगळी धडपड पाणी आणि माती धरून ठेवण्याची होती. हवा कुणी मोजत नव्हतं.

हवेचं वेळापत्रक बदललं ते उजनी धरणानंतर. १९८० पासून पाणी आलं, ऊस पसरला, कारखाने वाढत गेले. पूर्वी हिवाळा म्हणजे शेतात उभी ज्वारी आणि स्वच्छ आभाळ. आता दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होतं, ते मार्चपर्यंत चालतं. बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जळतो, तोडणीनंतर फडात पाचट पेटवलं जातं. थंडीच्या रात्री वारा पडलेला असतो, धूर वर जात नाही. २०१७ पासून शहराच्या दक्षिणेला कोळशावरची वीजनिर्मितीही आहे.

शुद्ध हवेच्या कार्यक्रमातला वादग्रस्त निर्णय इथेच आहे. शहराची प्रगती कशावर मोजायची, तर कार्यक्रमाने पीएम १० धरलं. आधी उद्दिष्ट होतं पीएम १० आणि त्याहून बारीक पीएम २.५ या दोन्हींत २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत २० ते ३० टक्के घट, मग ते वाढवून फक्त पीएम १० साठी २०२५-२६ पर्यंत ४० टक्के. निधीही याच आकड्याशी बांधला. या निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात, पीएम १० मोजण्याची व्यवस्था जास्त शहरांत होती, जुन्या नोंदी होत्या, त्यामुळे तुलना शक्य होती. हे खरं आहे. पण पैसा त्यामुळे झाडणाऱ्या यंत्रांकडे, पाणी मारण्याकडे आणि रस्त्यांच्या कडा पक्क्या करण्याकडे गेला. फुप्फुसात खोलवर जाणारे धुराचे बारीक कण, पीएम २.५, मागे राहिले. सोलापूरसारख्या गावावर याचा अन्याय जास्त होतो. एखाद्या वर्षी सप्टेंबर चांगला बरसला की धूळ बसते, वार्षिक सरासरी उतरते आणि कामगिरी सुधारल्याचं दिसतं. त्याच वर्षी ऊसही जोमात असतो, म्हणून हिवाळ्यातला धूर वाढलेला असू शकतो. जुन्या पद्धतीच्या केंद्रांवर नमुने आठवड्यातून दोनच दिवस घेतले जातात. पाचट पेटलेली रात्र त्यात सापडेलच असं नाही.

बारीक कणांचा प्रश्न पावसापर्यंतही जातो, आणि इथल्या शेतकऱ्याला तो अधिक लागतो. हवेत असे कण जास्त झाले की ढगातली वाफ असंख्य छोट्या थेंबांत वाटली जाते, थेंब मोठे व्हायला वेळ लागतो. सोलापूरवर ढग येऊन न बरसता निघून जातात, म्हणूनच २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात इथे विमानातून कॅल्शियम क्लोराइडचे, ओलावा धरून थेंब लवकर मोठे करणारे कण सोडून प्रयोग झाले. असं बीजन केलेल्या, म्हणजे हे कण सोडलेल्या, ढगांखाली वाऱ्याच्या दिशेने सुमारे १८ टक्के जास्त पाऊस नोंदला गेला. ढगात कोणते कण असावेत यावर एवढं काम या गावात झालं. जमिनीवरच्या धुरातले बारीक कण मात्र २०२५-२६ पर्यंतच्या उद्दिष्टात वेगळे धरलेच नाहीत.