खिडक्या-दारांवरील ऊर्जाबचत टॅक्स क्रेडिट (अमेरिका)

राहत्या घराची जुनी खिडकी किंवा बाहेरचा दरवाजा काढून त्या जागी उष्णता अडवणारा नवा बसवल्यास त्या खर्चाचा काही भाग आयकरातून वळता करून देणारी अमेरिकेच्या संघीय कायद्यातील तरतूद. आयकर कायद्याच्या कलम २५सीमधली ही सवलत २००६ साली सुरू झाली आणि मध्ये एक वर्ष खंड पडून ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. तिचे शेवटचे अधिकृत नाव ‘एनर्जी एफिशिअंट होम इम्प्रूव्हमेंट क्रेडिट’. माळ्याचे आणि भिंतींचे इन्सुलेशन, हीट पंप (बाहेरची उष्णता घरात आणणारे यंत्र), वॉटर हीटर यांनाही ती लागू होती. ही नोंद मुख्यतः खिडक्या-दारांपुरती आहे.

‘क्रेडिट’ या शब्दाने भारतीय वाचकाचा गोंधळ होऊ शकतो. आपल्याकडच्या १९६१च्या आयकर कायद्यातली ८०सीची वजावट उत्पन्नातून होते, तर ८७एची सूट थेट करातून. अमेरिकेतले हे क्रेडिट ८७एच्या जातीचे. २२ टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला १,००० डॉलरच्या वजावटीतून २२० डॉलर सुटतात, १,००० डॉलरच्या क्रेडिटमधून पूर्ण हजार. मात्र देय कर शून्यावर आला की क्रेडिट तिथेच थांबे. उरलेली रक्कम हातात मिळत नसे आणि पुढच्या वर्षी नेताही येत नसे. त्यामुळे कमी उत्पन्नाच्या, मुळातच कर न लागणाऱ्या घरमालकाला या योजनेचा उपयोग नव्हता. गळक्या खिडक्या बहुतेकदा त्याच्याच घराला असतात.

खिडकीतून जाते काय?

आपल्याकडे खिडकी असते ती वाऱ्यासाठी. मिनेसोटात किंवा शिकागोत ती कित्येक महिने उघडतच नाही. आतली ऊब बाहेर जाऊ न देणे हेच तिचे काम. घर गरम आणि थंड ठेवायला लागणाऱ्या ऊर्जेपैकी २५ ते ३० टक्के ऊर्जा खिडक्यांतून होणाऱ्या उष्णतेच्या ये-जा मुळे खर्ची पडते, असे अमेरिकेचे ऊर्जा खाते सांगते.

नव्या खिडकीत काचेची दोन किंवा तीन तावदाने असतात. मधल्या पोकळीत बहुधा आर्गॉन वायू भरलेला असतो आणि एका काचेच्या आतल्या बाजूला चांदीचा, डोळ्यांना न दिसणारा पण उष्णता परतवणारा थर असतो. हीच ‘लो-ई’ काच. ती खरोखर बसवली आहे की नाही, हे घरबसल्या कळते. रात्री काचेसमोर पेटता लायटर धरावा. दुहेरी तावदानात ज्योतीची चार प्रतिबिंबे दिसतात, कारण काचेचे पृष्ठभाग चार. त्यातल्या एकाचा रंग बाकीच्या तिघांहून वेगळा दिसला, तर थर त्या पृष्ठभागावर आहे.

करखात्याला अर्थातच लायटर चालत नाही. नव्या खिडकीवर नॅशनल फेनेस्ट्रेशन रेटिंग कौन्सिल या संस्थेचे लेबल चिकटवलेले असते. त्यावरचे दोन आकडे महत्त्वाचे. पहिला यू-फॅक्टर, म्हणजे खिडकीतून उष्णता किती वेगाने निसटते. तो जितका कमी तितके चांगले. दुसरा एसएचजीसी, म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते. हा कमी चांगला की जास्त, हे घर कुठे आहे त्यावर ठरते. टेक्सासात ऊन शत्रू. उत्तर डाकोटाच्या जानेवारीत तेच फुकटचे सरपण. म्हणून ‘एनर्जी स्टार’ या सरकारी मानांकनाने देशाचे चार हवामान-विभाग पाडले. ऑक्टोबर २०२३च्या निकषांनुसार उत्तर विभागात यू-फॅक्टर ०.२२पेक्षा जास्त नको. दक्षिणेत तो ०.३२पर्यंत चालतो, पण एसएचजीसी ०.२३च्या वर जाता कामा नये.

तारखांचा इतिहास

कल्पना जुनी आहे. तेलटंचाईच्या दिवसांत, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कारकिर्दीत संमत झालेल्या १९७८च्या ऊर्जा कर कायद्याने इन्सुलेशन, मूळ खिडकी-दारावर थंडी-वारा अडवायला बसवायच्या जादा ‘स्टॉर्म’ खिडक्या-दारे आणि फटी बुजवण्याचे साहित्य यांच्या पहिल्या २,००० डॉलर खर्चावर १५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३०० डॉलर क्रेडिट दिले. ते १९८५ अखेर संपले.

वीस वर्षांनी २००५च्या ऊर्जा धोरण कायद्याने कलम २५सी आणले. खर्चाच्या १० टक्के, सगळी वर्षे मिळून ५०० डॉलर, आणि त्यातही खिडक्यांसाठी फक्त २००. एका बऱ्या खिडकीची किंमत शेकड्यांत जाते. तिथे संपूर्ण घराच्या खिडक्यांसाठी आयुष्यभरात २०० डॉलर म्हणजे दुकानदाराने हातावर ठेवलेला खाऊच. २००७ अखेर मुदत संपली आणि २००८ साली खिडकी बसवणाऱ्याला काहीच मिळाले नाही.

आर्थिक मंदीतून वर येण्यासाठी फेब्रुवारी २००९मध्ये झालेल्या कायद्याने दर एकदम ३० टक्क्यांवर नेला आणि दोन वर्षांची मिळून मर्यादा १,५०० डॉलर केली. अट एकच आणि लक्षात राहणारी: यू-फॅक्टर आणि एसएचजीसी दोन्ही ०.३० किंवा त्याहून कमी. विक्रेत्यांना ही ‘तीस-तीस’ची भाषा सोयीची होती, पण हवामानाच्या हिशेबाने ती गैरच. फ्लोरिडाला आणि मिनेसोटाला एकच माप लावल्यामुळे थंड प्रदेशातल्या घरमालकाने सवलतीसाठी हिवाळ्यातले ऊन अडवणारी काच घ्यायची, असा प्रकार झाला. या काळातल्या दाव्यांची तपासणी करणाऱ्या कोषागाराच्या महानिरीक्षकांना, नमुना म्हणून घेतलेल्या दावेदारांपैकी सुमारे ३० टक्क्यांच्या नावावर घर असल्याची नोंदच करखात्याकडे सापडली नाही. २०११ साली दर पुन्हा १० टक्क्यांवर आला. पुढची दहा वर्षे अमेरिकेची संसद (काँग्रेस) मुदत संपू द्यायची आणि मग मागील तारखेपासून वाढवायची, हे अनेकदा झाले. वर्ष उलटून गेल्यावर जाहीर होणारी सवलत पाहून कोणी खिडकी बदलत नाही. ज्याने आधीच बदलली त्याला ती बक्षीस म्हणून मिळते. या योजनेवरचा सर्वांत रास्त आक्षेप हाच वाटतो.

२०२३ ते २०२५

ऑगस्ट २०२२च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टने कलमाचा कायापालट केला. दर ३० टक्के झाला आणि आयुष्यभराची मर्यादा जाऊन दरवर्षीची आली: एकूण १,२०० डॉलर, त्यात खिडक्यांसाठी मिळून ६००, बाहेरच्या दारांसाठी प्रत्येकी २५० आणि एकत्रित ५००. हीट पंपांसाठी २,००० डॉलरची वेगळी मर्यादा. खिडकीला ‘एनर्जी स्टार मोस्ट एफिशिअंट’ हा वरचा दर्जा लागे, दाराला साधा एनर्जी स्टार पुरे.

मर्यादा दरवर्षी नव्याने लागू होत असल्याने काम टप्प्याटप्प्याने करणे फायद्याचे ठरे. समजा, प्रत्येकी ७०० डॉलरच्या सहा खिडक्या बदलायच्या आहेत. एकाच वर्षी बदलल्या तर ४,२०० डॉलरचे ३० टक्के, म्हणजे १,२६० होतात, पण हाती येतात ६००. तीन यंदा आणि तीन पुढच्या वर्षी केल्या तर दोन्ही वर्षी ६०० मिळतात. मात्र ठेकेदार दोनदा बोलवावा लागतो, आणि त्याची मजुरी या क्रेडिटमध्ये धरली जात नसे. हीट पंपाची मजुरी चाले, खिडकी-दाराची नाही. ठेकेदाराच्या बिलात बहुधा एकच ठोक रक्कम असते. म्हणून सामान आणि मजुरी वेगवेगळी दाखवणारे बिल काम सुरू होण्याआधीच मागून घेणे शहाणपणाचे असे.

घर अमेरिकेतले, स्वतःच्या मालकीचे आणि स्वतः मुख्यतः राहण्याचे हवे. भाड्याने दिलेले किंवा सुट्टीतले घर चालत नसे, आणि नवे बांधकामही नाही. कॉन्डोमिनियमच्या (मालकीच्या सदनिकांच्या इमारतीच्या) संघटनेने खिडक्या बदलल्या तर सदस्याला आपल्या वाट्याच्या खर्चावर दावा करता येई. नागरिकत्वाची अट नव्हती. न्यू जर्सीत स्वतःचे घर घेतलेल्या आणि तिथे रहिवासी म्हणून कर भरणाऱ्या मराठी कुटुंबालाही नियम तेच. दावा फॉर्म ५६९५वर करायचा. २०२५मध्ये बसवलेल्या खिडकी-दाराबाबत उत्पादकाचा चार अक्षरी संकेतांकही त्यात भरायचा. काच पुसताना लेबल खरवडून केराच्या टोपलीत टाकणाऱ्याला हा नियम जड जाई. त्याआधी फोनवर एक फोटो काढून ठेवला तर पुढची शोधाशोध वाचे.

२०२३च्या करवर्षात कलम २५सीचा लाभ सुमारे २३ लाख कुटुंबांनी घेतला. त्यांना मिळून २ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम मिळाली, आणि जवळपास ७ लाख विवरणपत्रांत खिडक्यांचा दावा होता. २०२२च्या कायद्याप्रमाणे योजना २०३२ अखेरपर्यंत चालायची होती. पण ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केलेल्या ‘वन बिग ब्यूटिफुल बिल’ कायद्याने ती ३१ डिसेंबर २०२५लाच थांबवली. तारीख बसवण्याची धरायची, पैसे भरण्याची नव्हे. नोव्हेंबरमध्ये आगाऊ रक्कम दिली, खिडकी जानेवारीत आली, तर क्रेडिट नाही.

इतर देश

जर्मनीत २०२० पासून स्वतः राहत असलेल्या, दहा वर्षांहून जुन्या घराच्या ऊर्जा-सुधारणांवर २० टक्के करसवलत आहे. खिडक्या आणि बाहेरची दारे तिच्यात येतात, मजुरीही धरतात, आणि रक्कम तीन वर्षांत विभागून मिळते. इटलीत २००७ पासून अशीच सवलत आहे. भारतात खिडकी बदलल्याबद्दल आयकरात सूट नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोची २०१८ची ‘इको-निवास संहिता’ निवासी इमारतींच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घालते, पण ती नव्या बांधकामाची गोष्ट.

घर विकताना

क्रेडिट घेतलेल्यांचे काम विवरणपत्र भरून संपत नाही. सुधारणेचा खर्च घराच्या मूळ किमतीत मिळवता येतो, मात्र त्यातून मिळालेले क्रेडिट वजा करून. ४,२०० डॉलरच्या खिडक्यांवर ६०० डॉलर घेतले असतील, तर किमतीत ३,६००च मिळवायचे. घर विकताना भांडवली नफ्याचा हिशेब या आकड्यावरून होतो, तेव्हा बिले तोवर जपून ठेवावी लागतात.