काजूतेलाचा दाह

काजूबीच्या टरफलातील तेल अंगास लागून होणारा व्यावसायिक त्वचारोग. रत्नागिरी, सिंधुदुर्ग व गोवा येथे बी फोडणाऱ्या कामगारांत, मुख्यतः स्त्रियांत, तो आढळतो. ओले काजूगर काढणाऱ्या बाईचे काळवंडलेले, साली गेलेले हात ओळखायला वैद्य लागत नाही.

या दाहाची ओळख आपल्याकडे काजूपेक्षाही जुनी म्हणावी लागेल, कारण काजूचा भाऊबंद बिब्बा अंगास लागला की उततो, म्हणजे फोड आणतो, हे आयुर्वेदास पूर्वीच ठाऊक होते. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात, बहुधा १५६० नंतरच्या दशकात, पश्चिम किनाऱ्यावर आणला. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या गोव्यात छापलेल्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात (१५६३) काजूचे वर्णन दिसत नाही. दुसरा पोर्तुगीज वैद्य क्रिस्तोव्हाव द कोस्ता याच्या ग्रंथात (१५७८) ते आहे. अनुल्लेख हा पुरावा नव्हे, तरी आगमन या दोन सालांच्या आसपास मानणे सयुक्तिक ठरते. जमिनीची धूप थांबविण्यासाठी झाड आणले, ही प्रचलित कथा उत्तरकालीन असावी. काजूचे ‘ॲनाकार्डियम’ हे शास्त्रीय नावही आधी बिब्ब्याचे होते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये ते काजूला दिले. त्याचा अर्थ काही जण ‘वर आलेले हृदय’ असा, तर काही ‘हृदयासारखे’ असा लावतात. नाव मूळ बिब्ब्याचे असल्याने दुसरा अर्थ अधिक पटतो.

तेलात ॲनाकार्डिक आम्ल सर्वाधिक व त्याखालोखाल कार्डोल असते. दोन्ही स्निग्धात विरघळतात, त्यामुळे ती त्वचेत मुरतात आणि नुसत्या पाण्याने निघत नाहीत. खाज, फोड, भेगा हा नेहमीचा क्रम. बी भाजल्यास आम्लातील कार्बन डायऑक्साइड निघून त्याचे तुलनेने सौम्य कार्डेनॉल बनते. मात्र भाजण्याचा धूर डोळ्यांस व घशास झोंबतो. बी वाफवण्याच्या पद्धतीने धूर गेला, पण तेल बरेचसे कच्चेच टरफलात राहिले आणि कटरवर, म्हणजे बी कापण्याच्या यंत्रावर, बसणाऱ्यांच्या हातांवर आले. एक त्रास हटवताना दुसरा वाढला, हे सुधारणेच्या उत्साहात सहसा नोंदले जात नाही.

हातांना राख किंवा खोबरेल चोळणे हा रूढ उपाय. हातमोजे अधिक खात्रीचे, पण मजुरी किलोवर ठरत असेल तर मोज्यांनी मंदावलेला हात म्हणजे बुडालेले पैसे. दाह वाढला की खाडा होतो आणि तीच मजुरी पुन्हा बुडते; मोज्यांचा खर्च व मंद गती दरात धरली, तरच ते वापरात राहतात. दीर्घकाळ एकाच बैठकीने जडणारी कंबरदुखी व कटरने होणाऱ्या बोटांच्या जखमाही याच कामाच्या.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत, रसायनांच्या स्पर्शाने होणाऱ्या त्वचादाहाचा समावेश होता. परंतु अधिनियम सामान्यतः वीज वापरणाऱ्या १० व न वापरणाऱ्या २० कामगारांच्या कारखान्यापासून लागू होई. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही मर्यादा अनुक्रमे २० व ४० केली. कोकणातील कितीतरी काजूघरे त्याहून लहान आहेत. ओले गर तर अंगणातच काढले जातात. तेथे चुलीतली राख चालते.