बटाट्याला युरियाऐवजी कंपोस्ट घालताय? आधी गोणीचा हिशोब बघा

युरियाची एक गोणी 45 किलोची, त्यात नत्र (नायट्रोजन) 46 टक्के, म्हणजे जवळपास 21 किलो. आता चांगल्या कंपोस्टमध्ये नत्र 1 टक्का धरलं तरी तेवढ्यासाठी 2 टनांच्या वर माल ओढून आणायला लागतो, आणि तोही सगळा या हंगामात कामी येत नाही, कारण युरिया पाण्यात विरघळून थोड्याच दिवसात पिकाला लागू होतो पण कंपोस्टमधलं नत्र सेंद्रिय पदार्थात अडकलेलं असतं, जिवाणू ते खाणार, पचवणार, मग कुठे मुळांना हप्त्याहप्त्याने मिळणार. म्हणूनच एका झटक्यात रासायनिक खत बंद केलं की उतारा पडतो आणि लोक कंपोस्टला शिव्या घालतात. निम्मं-निम्मं करत दोन-तीन हंगामात गेलेलं बरं, असं माझं मत.

मग एवढा उपद्व्याप कशाला? तर बटाटा हे मूळ नाहीच, जमिनीखालच्या खोडाचं फुगलेलं टोक आहे ते, म्हणून तर त्याला डोळे असतात. ते फुगायला माती भुसभुशीत लागते आणि ओल सारखी लागते, आज चिखल उद्या भेगा असं झालं की बटाटा वेडावाकडा होतो. कंपोस्टने चिकट काळी माती मोकळी होते, पाणी धरूनही ठेवते, हे काम युरिया कितीही ओता होत नाही. उलट नत्र जास्त झालं की पाला असा माजतो की बघणारा खूश, आणि खणलं की खाली गोट्या! शिवाय बटाट्याला पालाश (पोटॅश) भरपूर लागतं, ते युरियात शून्य, कंपोस्टमध्ये थोडंफार तरी असतं.

मी पहिल्यांदा गच्चीवर गोणीत बटाटे लावले तेव्हा अर्धवट कुजलेलं शेणखत घातलं होतं, घाई दुसरं काय. निघाले तेव्हा सालीवर खरबरीत खपल्या, दोन-तीन बटाट्यांना भोकं आणि तळाशी जाडजूड पांढरी हुमणी अळी मस्त वेटोळं करून बसलेली. खपल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूमुळे येतात, कच्च्या शेणखताने त्या वाढतात, चुलीची राख ओतली तरी वाढतात कारण राखेने मातीचा सामू (pH) चढतो. (साल काढून भाजी केली, चवीला फरक नव्हता.)

नीट कुजायला ढीग आतून 55-60 अंश तापला पाहिजे, त्यासाठी ओल्या कचऱ्याच्या जोडीला सुका पाला, काड्या भरपूर हव्यात, कर्ब (कार्बन)-नत्राचं प्रमाण साधारण 30 ला 1. पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांचं नाडेप कंपोस्ट टाकं यासाठीच विटांच्या भोकाभोकांच्या भिंतींचं असतं, हवा खेळते, तीन-चार महिन्यात खत तयार. झालंय का बघायचं तर मूठभर ओलसर कंपोस्ट प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस गच्च बांधून ठेवायचं आणि उघडून नाक लावायचं, पहिल्या पावसासारखा वास आला तर घाला, नाकात झोंबलं तर अजून महिनाभर राहू दे.