कॅटलॉग स्वतः काढताय? आयएसबीएनसाठी पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

प्रदर्शनाचं उद्घाटन तीन आठवड्यांवर आलं की कॅटलॉग करणाऱ्यांना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा जगभर चालणारा ओळखक्रमांक, आठवतो. मांडणी झालेली असते, रंगांची प्रुफं तपासून झालेली असतात, मलपृष्ठावर बारकोडसाठी पांढरा चौकोनही सोडलेला असतो. आणि मग कुणीतरी विचारतं, ‘नंबर कुठाय?’ अर्ज तसा सोपा आहे. पण त्यात जे विचारतात, ते चित्रकार, गॅलरी आणि संपादक यांनी आपसात कधी ठरवलेलंच नसतं. दिवस जातात ते तिथे.

पहिला प्रश्न: प्रकाशक कोण?

नंबर पुस्तकाला मिळतो, पण मागायचा प्रकाशकाने. या व्यवस्थेत प्रकाशक म्हणजे जो पुस्तक काढायला पुढाकार घेतो आणि सहसा खर्चाची जोखीमही अंगावर घेतो तो. त्यासाठी कंपनी असावी लागते असं नाही. एकटा चित्रकार, दोघांनी चालवलेली छोटी प्रकाशनसंस्था, गॅलरी, संग्रहालय, कुणीही प्रकाशक असू शकतं. छापखाना मात्र सहसा प्रकाशक नसतो, आणि लेख लिहून दिला किंवा मांडणी केली म्हणूनही कुणी प्रकाशक होत नाही.

खरा गुंता संयुक्त कॅटलॉगचा. पैसे गॅलरीचे, संपादन आणि वितरण स्वतंत्र प्रकाशकाचं. अशा वेळी दोघंही आपापला आयएसबीएन देऊ शकतात आणि दोन्ही नंबर श्रेयपानावर, म्हणजे शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला, छापता येतात. बारकोड मात्र एकाच नंबरचा. दुकानदार बारकोडच वाचतो, त्यामुळे ज्याचा बारकोड त्याच्याकडे ऑर्डरी येणार. हे आधी लेखी ठरवून घ्या. उद्घाटनानंतर या विषयावर कुणीच गोड बोलत नाही.

अर्ज कुठे करायचा?

प्रकाशकाचा पत्ता ज्या देशात, त्या देशाच्या आयएसबीएन एजन्सीकडे. चित्रकार कुठला, पुस्तक कोणत्या भाषेत, छपाई कुठे, याचा संबंध नाही. लंडनमधली आंतरराष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी सगळ्या व्यवस्थेवर देखरेख करते, पण प्रकाशकांना नंबर देण्याचं काम जगभरच्या दीडशेहून अधिक एजन्सी करतात. कुठे हे काम राष्ट्रीय ग्रंथालय बघतं, कुठे सरकारी खातं, कुठे खासगी कंपनी. काही ठिकाणी नंबर मोफत मिळतो, काही ठिकाणी शुल्क पडतं.

घाईत असलेल्यांना तिसऱ्याच कुणाकडून सुटा नंबर घेण्याचा मोह होतो. तो टाळा. नंबरच्या मधल्या अंकांत प्रकाशकाची ओळख असते, त्यामुळे जगभरच्या नोंदींत तुमच्या पुस्तकाचा प्रकाशक म्हणून भलत्याचंच नाव लागतं आणि ते पुसता येत नाही.

कशाला मिळतो, कशाला नाही

प्रदर्शनाचा कॅटलॉग, एका चित्रकारावरचं पुस्तक, लेखसंग्रह, छायाचित्रांचं पुस्तक, त्यांची ई-आवृत्ती, हे सगळं बसतं. किमान किती प्रती छापाव्यात अशी अट नाही. अट एवढीच, की पुस्तक लोकांना उपलब्ध हवं, विकत किंवा फुकट. निमंत्रणपत्रिका, दिनदर्शिका आणि जाहिरातीची पत्रकं बसत नाहीत.

कलाप्रकाशकाने लक्षात ठेवावी अशी ओळ नियमांत पुढे आहे: शीर्षकपान आणि मजकूर नसलेले चित्रांचे प्रिंट आणि फोल्डर अपात्र. पेटीत घातलेले सुटे बारा प्रिंट कितीही देखणे असले तरी त्यांना नंबर नाही. त्याच पेटीत शीर्षकपान आणि दोन पानांचा लेख आला की ते प्रकाशन म्हणून मांडता येतं. कागद वाढवण्याची ही पळवाट नव्हे; ग्रंथपालालाही नोंद करायला शीर्षकपानच लागतं. चित्रकारांच्या पुस्तकांचं आणि ग्रंथालयांचं जुनं वाकडं आहेच. १९६३ साली एका अमेरिकन चित्रकाराने काढलेलं पेट्रोल पंपांच्या छायाचित्रांचं छोटेखानी पुस्तक लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने नाकारलं. त्याने पुढच्या वर्षी त्या नकाराचीच जाहिरात केली.

दरवर्षी त्याच मालिकेत कॅटलॉग निघत असेल तर मालिकेला आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकं आणि मालिकांचा आठ अंकी ओळखक्रमांक, घ्यावा. त्या व्यवस्थेचं आंतरराष्ट्रीय केंद्र पॅरिसला आहे. प्रत्येक कॅटलॉगला स्वतःचा आयएसबीएन असतोच, दोन्ही नंबर एकत्र चालतात.

नंबर किती मागायचे?

इथे नवखे हमखास चुकतात. पुस्तकं मोजू नका, आवृत्त्या मोजा. पेपरबॅक आणि पुठ्ठाबांधणी यांचे नंबर वेगळे, प्रत्येक भाषेतल्या आवृत्तीचा वेगळा, ई-पुस्तकाच्या प्रत्येक स्वतंत्रपणे विकल्या जाणाऱ्या प्रकाराचा वेगळा. सही केलेला प्रिंट आत घालून महागडी मर्यादित आवृत्ती विकणार असाल तर तिलाही स्वतंत्र नंबर घ्या. म्हणजे ‘एक कॅटलॉग’ म्हणता म्हणता चार नंबर संपतात. एका कॅटलॉगच्या दोन्ही बांधण्यांवर आम्ही एकच नंबर छापला होता. स्वस्त आवृत्ती मागवणाऱ्यांना महाग पोचली, मग शेकडो प्रतींवर हाताने स्टिकर चिकटवत बसलो.

उलट, किंमत बदलली, मुद्रणदोष सुधारले किंवा फक्त मुखपृष्ठाची रचना बदलली तर नवा नंबर लागत नाही. एकदा दिलेला नंबर दुसऱ्या पुस्तकाला कधीच वापरायचा नाही, पहिला चुकून दिला गेला असला तरी.

कागदपत्रं

एजन्सीगणिक यादी थोडी बदलते, पण साधारण हे मागतात: प्रकाशकाच्या ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, संस्था असेल तर तिच्या नोंदणीची प्रत, संस्थेच्या वतीने कुणी अर्ज करत असेल तर त्याला दिलेलं अधिकारपत्र, आणि पुस्तकाची माहिती. अनेक ठिकाणी शीर्षकपान आणि श्रेयपानाचा मसुदाही जोडायला सांगतात.

त्यातली पुस्तकाची माहिती फार जपून भरा. शीर्षक, उपशीर्षक, भाषा, पानं, बांधणी, प्रकाशनाची तारीख, किंमत आणि कुणाचं काय काम. कॅटलॉगमध्ये शीर्षकाचाच घोळ असतो. मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव मोठं, शीर्षकपानावर प्रदर्शनाचं नाव आधी, कण्यावर तिसरंच काही. अर्जात शीर्षकपानावरचं शीर्षक द्या, अक्षरशः तेच. लेखक म्हणून कुणाला दाखवायचं यावरही रुसवे होतात. चित्रकार, क्युरेटर, निबंधकार आणि छायाचित्रकार यांची नावं ‘लेखक’ या एकाच रकान्यात कोंबू नका, प्रत्येकाची भूमिका वेगळी नोंदवा.

अर्जात न विचारलेली गोष्ट

चित्रांच्या परवानग्या आयएसबीएनच्या अर्जात सहसा विचारत नाहीत, म्हणून अनेकांना वाटतं की नंबर मिळाला म्हणजे छापायला हरकत नाही. आयएसबीएन ही फक्त ओळख आहे, त्याने कॉपीराइट मिळत नाही आणि सिद्धही होत नाही. १८८६ च्या बर्न करारानुसार (हा कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) कॉपीराइट कलाकृतीसोबतच जन्मतो, त्याला नोंदणी लागत नाही, आणि तो कलाकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं टिकतो. अनेक देशांत ७० वर्षं. समकालीन कलेत त्यामुळे जवळजवळ प्रत्येक चित्र कुणाच्या तरी हक्काचं असतं.

शिवाय चित्र ज्याच्या भिंतीवर आहे, त्याच्याकडे छापण्याचा हक्क असेलच असं नाही. संग्राहकाने फोटो काढू दिला म्हणजे चित्रकाराची परवानगी मिळाली असं होत नाही, आणि त्या फोटोवर छायाचित्रकाराचा वेगळा हक्क असू शकतो. तेव्हा एका चित्रामागे दोन परवानग्या धरा. काही देशांत कलाकारांच्या वतीने परवाने देणाऱ्या संस्था आहेत: फ्रान्समध्ये एडीएजीपी, ब्रिटनमध्ये डॅक्स, जर्मनीत फाउ-गे बिल्ड-कुन्स्ट. परवानगीपत्रात प्रती किती, भाषा कोणत्या, छापील की ई-पुस्तकही, आणि मुखपृष्ठावर चालेल का, हे स्पष्ट लिहून घ्या. आतल्या पानाची परवानगी मुखपृष्ठाला पुरेल असं गृहीत धरू नका.

नंबर हातात आल्यावर

२००७ पासून आयएसबीएन १३ अंकी आहे, सुरुवात ९७८ किंवा ९७९ ने. शेवटचा अंक तपासणीचा: पहिल्या १२ अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करायची, आणि ती दहाच्या पटीत न्यायला जो अंक लागेल तो तेरावा. मांडणीत एक अंक चुकला तर या हिशोबात पकडला जातो, म्हणून फाइल छापखान्यात जाण्याआधी एकदा हाताने करून पाहा. नंबर शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला, किमान ९ पॉइंटात. बारकोड मलपृष्ठावर खालच्या बाजूला, पांढऱ्यावर काळा. चंदेरी शाईत बारकोड हवा असलेल्या डिझायनरला प्रेमाने नाही म्हणा, स्कॅनर तो नीट वाचत नाही.

बहुतेक देशांत छापून झाल्यावर ठरलेल्या मुदतीत राष्ट्रीय ग्रंथालयात प्रती जमा कराव्या लागतात. ही प्रथा १५३७ साली फ्रान्समध्ये राजाच्या हुकमाने सुरू झाली. प्रती किती आणि मुदत कोणती हे आपल्या देशाच्या कायद्यात पाहा, आणि त्या प्रती छपाईच्या संख्येत आधीच धरा. उद्घाटन पुढे ढकललं गेलं तर एजन्सीकडे प्रकाशनाची तारीख बदलून घ्या. नंबर तोच राहतो.