स्क्रीनवर विणलेली करवती किनार

भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव, पवनी या भागात हातमागावर कोशाची (टसर रेशमाची) करवती साडी, म्हणजे करवतीच्या दातांसारखी किनार असलेली साडी, विणली जाते. अशा साडीचा मोबाइलवर फोटो काढला आणि तोच तुकडा कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी मांडून मोठं कापड करायला गेलं, की प्रत्येक तुकड्याच्या कडेला जोड उघडा पडतो. डावी कड उजव्या कडेशी जुळत नाही.

त्यावरचा उपाय सोपा आहे. ‘गिम्प’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर १९९५ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी लिहायला घेतलं. त्यात ‘ऑफसेट’ नावाची सोय आहे. चित्र अर्ध्या रुंदीने आडवं आणि अर्ध्या उंचीने खाली सरकवायचं. उजवीकडून बाहेर पडलेला भाग डावीकडून आत येतो. आता ज्या दोन कडा एकमेकींना भिडतील, त्या मूळ फोटोत मधोमध शेजारीच होत्या, म्हणून त्या आपोआप जुळतात. खराब जोड चित्राच्या मध्यभागी येतो आणि ‘क्लोन’ने, म्हणजे शेजारचा भाग त्यावर उतरवून, पुसता येतो. फक्त तुकडा कापताना वीण पुरी व्हायला हवी, अर्धा धागा कडेला राहता कामा नये. फोटोही उन्हात काढू नये, पडवीत सारख्या उजेडात काढावा. एक बाजू उजळ असली तर पुढे सगळ्या कापडावर पट्टे उमटतात.

कधी फोटोत अशा लाटा दिसतात, ज्या कापडावर नसतातच. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ठिपक्यांची जाळी असते आणि कापडात धाग्यांची. दोन्ही जाळ्या जवळपास सारख्या बारीक झाल्या की त्यांच्यातल्या लहानशा फरकातून मोठ्या लाटा तयार होतात. एका धाग्याला निदान दोन ठिपके मिळतील इतकं कापडाजवळ जावं.

पण माझ्या मते फोटोपेक्षा कापड स्क्रीनवर विणणंच चांगलं. मागावर प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच असतो: वर ताणा (उभा धागा) की बाणा (आडवा धागा)? उत्तरं दोनच, म्हणून पांढरा आणि काळा हे दोन ठिपके पुरतात. साध्या विणीला दोन बाय दोन ठिपक्यांचा चौकोन लागतो: वर पांढरा-काळा, खाली काळा-पांढरा. तिरप्या रेघांच्या ट्विल विणीला चार बाय चार; दर ओळीत दोन पांढरे, दोन काळे, आणि प्रत्येक ओळ एक ठिपका सरकलेली. १८०४ सालच्या जॅकार्डच्या मागातही पुठ्ठ्यावर भोक आहे की नाही, एवढ्यावरच कोणता धागा उचलायचा ते ठरत होतं.

आता एका लेयरवर, म्हणजे चित्राच्या एका थरावर, बाण्याचे आडवे रंगीत पट्टे काढा, त्यावरच्या लेयरवर ताण्याचे उभे. वरच्या लेयरला मास्क (तो थर कुठे दिसावा हे ठरवणारं झाकण) लावून त्यात तो काळा-पांढरा चौकोन पॅटर्न म्हणून भरा. जिथे मास्क पांढरा तिथे ताणा दिसेल, जिथे काळा तिथे बाणा. ताण्याबाण्यात तेच तीन रंग घेतले तर चौकड्यात सहा छटा मिळतात: तीन शुद्ध, तीन मिश्र. करवती किनारीसाठी बाण्याच्या लेयरवर काठाच्या रंगाची हद्द सरळ न ठेवता पायऱ्यापायऱ्यांनी आतबाहेर न्यायची. मागावर हेच काम तीन धोटे (बाण्याचा धागा इकडून तिकडे नेणारी साधनं) करतात, एक अंगाचा आणि दोन काठांचे. अंगाचा बाणा आणि काठाचा बाणा भेटतात तिथे एकमेकांत अडकतात.

मिश्र छटा नेमकी कशी दिसेल, इथे बरेच जण चुकतात. धाग्यांचे रंग एकमेकांत कालवले जात नाहीत, ते शेजारी शेजारी असतात आणि मिसळतात डोळ्यात. एक मीटरवरून सुमारे ०.३ मिलिमीटरहून जवळचे दोन ठिपके आपल्याला वेगळे दिसत नाहीत. अर्धे काळे, अर्धे पांढरे ठिपके असले की डोळ्यापर्यंत पांढऱ्याच्या निम्मा उजेड पोचतो. स्क्रीनवर उजेडाचे आकडे ० ते २५५ असतात, म्हणून १२८ म्हणजे निम्मा असं वाटतं. पण १२८ ला पांढऱ्याच्या जेमतेम २२ टक्के उजेड असतो. निम्मा उजेड येतो १८८ च्या आसपास. डोळ्याला गडद छटांमधला फरक जास्त कळतो, म्हणून आकड्यांची वाटणी मुद्दाम गडद बाजूला जास्त केलेली आहे. अनेक सॉफ्टवेअर नुसत्या आकड्यांची सरासरी काढतात आणि छटा खऱ्यापेक्षा काळपट दाखवतात. चित्र लहान करून पाहिलं तरी तेच होतं. म्हणून झूम १०० टक्के ठेवून खुर्ची मागे सरकवावी आणि मिसळायचं काम डोळ्यावर सोडावं. प्रत्यक्ष कापडात कोशाची चमक आणि धाग्यांमधल्या सावल्याही आल्या, तरी रंग निवडायला हा अंदाज फार उपयोगी पडतो.

नक्षी खरोखर मागावर चढवायची असेल तर इंचात धागे किती, ते आधी मोजून घ्यावं. समजा ताण्याचे ६० आणि बाण्याचे ४० आहेत. मग ६० बाय ६० ठिपक्यांचं गोल फूल कापडावर एक इंच रुंद आणि दीड इंच उंच येईल, म्हणजे लांबुळकं. गिम्पमध्ये चित्राचं आडवं रिझोल्यूशन (इंचाला किती ठिपके) ६० आणि उभं ४० असं वेगवेगळं देता येतं. नंतर व्ह्यू मेनूमधलं ‘डॉट फॉर डॉट’ बंद केलं, की फूल कापडावर जसं येईल तसंच स्क्रीनवर दिसतं आणि ते गोल करायला किती ओळी कमी कराव्या लागतील ते धोट्याला हात लावण्याआधीच कळतं.