धुळ्याचं 'घुळे' का होतं?

आमच्या जळगावच्या छोट्या मासिकाचा अंक छापून आला आणि अहिराणीवरच्या लेखात 'धुळे'चं चक्क 'घुळे' झालेलं दिसलं. खान्देशातल्याच मासिकात धुळ्याचं नाव बिघडावं, याचं फार वाईट वाटलं. प्रूफ दोनदा वाचलं होतं, लेझर प्रिंटवर 'ध' स्वच्छ होता. भिंग घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. 'ध'च्या डोक्यावर शिरोरेषा तुटते, ती फटच शाईनं बुजली होती.

आम्ही फॉन्ट घेतला होता जाड-बारीक रेघांचा, ऐटदार; रोमन लिपीतल्या बोडोनी या सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना छोटे पाय असलेल्या, टाइपाच्या वळणाचा. गुळगुळीत कागदावर तो देखणा दिसतो. न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदावर, मात्र कागदाचे तंतू शाई ओढून घेतात आणि ऑफसेट छपाईत शाई कागदावर टेकवणारं रबरी ब्लँकेट तिला दाबून कडेला सारतं. समजा, रेघेच्या दोन्ही कडांना शाई ०.०२ मिमी पसरली. ०.४ मिमीची जाड रेघ ०.४४ होते; ही १० टक्के वाढ डोळ्याला जाणवत नाही. पण ०.०५ची बारीक रेघ ०.०९ होते, म्हणजे जवळपास दुप्पट! आणि ०.१ची फट ०.०६वर येते. पसरते तेवढीच शाई, पण मार बसतो तो बारीक रेघेला आणि अक्षराच्या पोटातल्या मोकळ्या जागेला. 'भ'चा 'म' होतो तोही असाच. दोन रेघा मिळतात त्या कोपऱ्यात तर शाई दोन्हीकडून येते. म्हणून मॅथ्यू कार्टर यांनी १९७८मध्ये अमेरिकेतल्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी बेल सेंटेनियल हा टाइप काढताना कोपऱ्यांत मुद्दाम खाचा ठेवल्या. शाई पसरून त्या भरतात आणि छापलेलं अक्षर नेमकं उमटतं. मला ही युक्ती विलक्षण वाटते.

फॉन्ट निवडताना कानावर येणारं सगळंच मात्र खरं धरू नये. सेरिफच्या पायांवरून नजर ओळीत घसरत जाते, असं अजूनही शिकवलं जातं. ते खरं नाही. नजर उड्या मारत जाते आणि दर मुक्कामी साधारण पाव सेकंद थांबते. अंकशास्त्र पाहून शीर्षकाचा 'लकी' फॉन्ट सुचवणाऱ्यांना तर एक रुपयाही देऊ नये.

पुढच्या अंकासाठी चार फॉन्ट काढून ठेवलेत. बारीक रेघ त्यातल्या त्यात दणकट, 'ध'ची फट रुंद. त्याच प्रेसमध्ये, त्याच कागदावर, १० पॉइंटात प्रत्येकाची एकच ओळ छापून आणणार आहे: 'धुळ्याच्या घरी भरीत मस्त.'